स्वर चढत नाही

डॉप्लर परिणाम शिकवताना एक वाक्य वर्गात आणि मार्गदर्शक पुस्तकांत हमखास भेटते : गाडी जवळ येऊ लागली की हॉर्नचा स्वर चढत जातो आणि दूर जाऊ लागली की उतरत जातो. आम्हीही शाळेत हेच पाठ केले होते. यातला पहिला भाग चूक आहे. गाडीचा वेग एकसारखा असेल, तर स्वर कधीच चढत नाही.

पडताळा पाहायला भोर तालुक्यातले वरवे बुद्रुक चांगले. पुणे-सातारा महामार्ग तिथून जातो, तेव्हा हॉर्नना तोटा नाही. समजा, एक मोटार ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर वेगाने येत आहे आणि तिच्या हॉर्नची कंप्रता 500 हर्ट्झ आहे. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. एका कंपनाच्या वेळात ध्वनी 68 सेंटिमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात मोटारही 5 सेंटिमीटर सरकते. म्हणून तिच्या पुढच्या बाजूला तरंगलांबी 63 सेंटिमीटर होते, तर मागे 73. अशा तरंगांची ऐकू येणारी कंप्रता पुढे 540 हर्ट्झ आणि मागे 466 हर्ट्झ भरते.

आता या आकडेमोडीत मोटारीचे अंतर कुठे आले? कुठेच नाही. ती एक किलोमीटरवर असो की शंभर मीटरवर, सरळ आपल्याकडे येत असेल तर स्वर 540 हर्ट्झचाच राहणार. आपण रस्त्यापासून दूर, शेताच्या बांधावर उभे असलो (विद्यार्थ्यांना तिथेच उभे करावे), तर आपल्या दिशेने येणारा वेगाचा भाग हळूहळू कमी होतो. म्हणजे मोटार जवळ येत असतानाच स्वर उतरू लागतो. अगदी समोर असताना निघालेला ध्वनी 500 हर्ट्झचा ऐकू येतो आणि पुढे तो 466 कडे घसरतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतारच.

चित्रांबद्दलही तक्रार आहे. फळ्यावर गाडीभोवती अंड्याच्या आकाराचे तरंग काढलेले आम्ही पाहिले आहेत. वारा नसताना एकदा निघालेला तरंग सगळीकडे सारख्याच वेगाने पसरतो. गाडी धावते म्हणून त्याचा वेग वाढत नाही. तेव्हा प्रत्येक तरंग वर्तुळच हवा, फक्त त्यांचे मध्यबिंदू एकामागून एक पुढे सरकलेले हवेत. एवढे नीट काढले की पुढची दाटी आणि मागची विरळता आपोआप दिसते.

मग एवढी चूक इतकी वर्षे टिकली कशी? कानाने ऐकून कुणाला शंका आली नाही? येथे दोष केवळ पुस्तकांचा नाही. न्यूहॉफ आणि मॅकबीथ या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये दाखवले, की आवाज मोठा होत गेला की ऐकणाऱ्याला स्वरही चढल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो उतरत असला तरी. म्हणजे 'कानावर विश्वास ठेवा' असे सांगूनही काम भागत नाही. 1845 मध्ये हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवून डॉप्लरचे म्हणणे तपासले, तेव्हा स्वर ओळखायला त्यांनी मुद्दाम कसलेले वादकच उभे केले होते.

शाळेत वादक नसले तरी पेटी असते. मोबाइलवर हॉर्न ध्वनिमुद्रित करावा, सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा वेगळा ऐकावा आणि पेटीची कोणती पट्टी जुळते ते पाहावे. वरच्या उदाहरणात अडीच पट्ट्यांच्या आसपास फरक पडायला हवा.

पुढच्या वर्गांत हाच परिणाम आकाशात पोचतो. पुणे जिल्ह्यातच खोडद येथे जीएमआरटी ही दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या हायड्रोजनची 1420 मेगाहर्ट्झची रेषाही टिपतात. या रेषेच्या सरकण्यावरून दीर्घिकेतला वायू किती वेगाने फिरतो ते कळते. जवळ येणे आणि स्वर चढणे अशी जोडी ज्याच्या मनात बसली आहे, तो विद्यार्थी इथे हटकून अडखळतो. परीक्षेत मात्र 'स्वर चढत जातो' असे लिहून त्याला पूर्ण गुण मिळालेले असतात, आणि बांधावर उभे राहून 'तो तर उतरतोय' म्हणणाऱ्याचे गुण कापलेले असतात.