कादंबरी, निबंध आणि पारितोषिक

आयन रँड यांच्या विचारांच्या प्रसारासाठी १९८५ साली अमेरिकेत त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. ही संस्था त्यांच्या कादंबऱ्यांवर शालेय विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा घेत आली आहे. पारितोषिके हजारो डॉलरांची आणि प्रवेश परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला. १९४३ साली प्रसिद्ध झालेली ‘द फाउंटनहेड’ ही त्यांतील एक प्रमुख कादंबरी. ती मराठीतही आली असून आपली महाविद्यालयीन मुले ती आवडीने वाचतात. म्हणूनच या स्पर्धेचा विचार करावासा वाटतो.

कादंबरीचा नायक हॉवर्ड रोर्क हा वास्तुशिल्पी लोकांच्या वाहवेची पर्वा करीत नाही. शिक्षणसंस्था त्याला काढून टाकते आणि पदके मिळतात ती पीटर कीटिंगला. पुढे हाच कीटिंग एका भव्य इमारतीच्या आराखड्याची स्पर्धा जिंकतो, तीही रोर्कची मदत घेऊन. ज्या कादंबरीत स्पर्धेचा विजेता उसन्या बुद्धीवर मोठा होतो, तिच्यावरच स्पर्धा भरावी, हा योग आम्हांस विचार करावयास लावणारा वाटतो. परीक्षकांना काय रुचेल, हे हेरून लिहिणारा विद्यार्थी रोर्कची स्तुती करील खरा; पण लिहील तो कीटिंगसारखा.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, विद्यार्थ्याचे मत संस्थेला मान्य आहे की नाही हे न पाहता तो ते कसे सिद्ध करतो हे पाहावे, असे या स्पर्धेचे घोषित धोरण आहे. धोरण उत्तम आहे. तथापि प्रश्न काढणाराच जेव्हा त्या विचाराचा प्रचारक असतो, तेव्हा काही प्रश्न विचारलेच जात नाहीत. आपल्या आराखड्यात फेरफार झाला म्हणून रोर्क गरिबांसाठी बांधली जात असलेली वसाहत सुरुंगाने उडवतो आणि न्यायालयात निर्दोष ठरतो. त्या घरांत जी कुटुंबे राहावयास येणार होती, त्यांचे म्हणणे कादंबरीत जवळजवळ ऐकूच येत नाही. स्वार्थाला सद्गुण मानणाऱ्या या तत्त्वज्ञानाला क्रुसाचा अर्थ उमगत नाही तो इथेच, असे आमचे मत आहे.

परंतु दगड उचलण्यापूर्वी आम्हांस आमचेच हात पाहावे लागतात. धर्मग्रामातील निबंधस्पर्धांचे परीक्षण आम्हीही केले आहे. ‘प्रार्थनेचे महत्त्व’ असा विषय दिला की उत्तर विषयातच असते. ज्या निबंधांत आमचेच प्रवचन आम्हांला परत मिळाले, त्यांना आम्ही गुण दिले. अडखळत का होईना, प्रार्थना ऐकली जात नाही तेव्हा काय करावे, असे विचारणारी वही मात्र खाली राहिली.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलांच्या हातून हे पुस्तक काढून घेऊ नका. ते वाचू द्या, आपणही वाचा, आणि जेवताना त्या न बोललेल्या भाडेकरूंविषयी त्यांना विचारा. त्या प्रश्नाला पारितोषिक नाही. म्हणूनच त्याचे उत्तर मुलांचे स्वतःचे असेल.