माया आणि साखळी



आपल्याकडे ग्रंथपरीक्षण येते ते बहुधा संतचरित्राचे, नाहीतर गाथेच्या नव्या आवृत्तीचे. आजचा विषय जरा वेगळा आहे. रानातले जनावर माणसाच्या ताब्यात राहते, त्याविषयीची पुस्तके आणि माहितीपट आता घरोघरी पोहोचले आहेत. नातवंडे मोबाईलवर पाहतात आणि आजी-आजोबांनाही दाखवतात. पाहताना डोळ्यांत पाणी येते. लहानपणापासून भूतदया ऐकत आलो, तेव्हा ते येणारच. पण गहिवर आला म्हणजे दया झाली का, एवढे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

त्याचे माप संतचरित्रांनी घालून दिलेले आहे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायचे गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. या कथा आपण कितीतरी कीर्तनांत ऐकल्या. पण नामदेवरायांनी त्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी घातली, किंवा नाथांनी ते गाढव वाड्यात आणून बांधले, असे कधी ऐकले आहे का? समोरच्या जीवाची गरज भागवली आणि तिथेच हात जोडले. हे माझे आहे, असे कोणी म्हटले नाही.

म्हणून असे काही वाचताना-पाहताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. हे जनावर इथे आले कसे? त्याला परत जाता येईल का? आणि ते इथे राहिल्याने कोणाचे काय साधते?

मराठीत या विषयावरचे वाचलेच पाहिजे असे पुस्तक म्हणजे विलास मनोहर यांचे ‘नेगल’. गडचिरोलीतल्या हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांनी सांभाळलेल्या प्राण्यांची ही हकीकत. नेगल हे त्यातल्या बिबट्याचे नाव. पहिल्या प्रश्नाला इथे सरळ उत्तर आहे. पोटासाठी शिकार करणाऱ्या आदिवासींकडून मागे राहिलेली, आई मेलेली पिल्ले आमट्यांनी मागून घेतली आणि वाढवली. प्राण्यांचे स्वभाव घरच्या माणसांचे ओळखावेत तसे ओळखून लिहिले आहेत. पुस्तक मनाला धरून ठेवते.

आणि नेमका तिथेच आपल्या भागात एक धोका आहे. कराड, पाटण, शिराळा या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्ले घालते. तोड सुरू झाली की पाचटात पिल्ले सापडतात. मांजराच्या पिल्लाएवढा तो जीव पाहून कोणालाही वाटेल, बिचारे पोरके आहे, घरी नेऊ, दूध पाजू. ‘नेगल’ वाचलेल्याला तर आपण पुण्यच करतो आहोत असे वाटेल. पण हेमलकशाच्या पिल्लांची आई मेलेली होती. फडातल्या पिल्लाची आई जिवंत असते. माणसांच्या गलक्यामुळे ती दूर कुठेतरी दडलेली असते. वनखात्याची माणसे पिल्ले संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, रात्री मादी येते आणि एकेक उचलून नेते. हे आपल्याकडे अनेकदा घडले आहे. तेव्हा पुस्तक जरूर वाचावे, पण त्यातली माया उचलताना त्यामागचे कारणही उचलावे. कारण वेगळे असेल तर तीच माया एका आईची पिल्ले हिरावते.

‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हा कार्तिकी गोन्साल्विस यांचा लघुमाहितीपट. २०२३ साली त्याला ऑस्कर मिळाले. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या हत्ती छावणीत बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे रघू नावाचे पोरके पिल्लू वाढवते. त्याची आई विजेच्या धक्क्याने गेलेली. या दोघांच्या सेवेपुढे नमस्कारच करावा. पण चित्रपट पहिल्या प्रश्नाला ओझरता स्पर्श करतो आणि मायेकडे वळतो. हत्तीच्या वाटेत तारा आल्या कशा, याच्या मुळाशी तो जात नाही. शेवटी मोठा झालेला रघू दुसऱ्या माहुताकडे सोपवला जातो आणि घर सुने होते. तिथे ध्यानात येते की माया या दोघांची होती, मालकी सरकारची. ते दुःख दाखवले आहे, त्यावर विचार मात्र प्रेक्षकावर सोडला आहे.

संगीता अय्यर यांचा ‘गॉड्स इन शॅकल्स’ (२०१६) याच्या अगदी उलट. केरळातल्या उत्सवांत सजवून उभे केलेले हत्ती आपण पाहतो. हा माहितीपट झूल बाजूला करून पायाची जखम दाखवतो. बाईंचे स्वतःचे दुःख पडद्यावर जागा फार अडवते, हा त्यातला दोष. तरी तिसरा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही. आपण ज्याला देवकार्य म्हणतो त्यात देवाचे किती आणि मिरवणाऱ्याचे किती, हा तो प्रश्न आहे, आणि तो झोंबतो.

झोंबतो, कारण तो आपल्या दारात आलेला आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुम्हाला ठाऊक आहे. रानातले नाग धरून मडक्यांत ठेवायचे, पंचमीला पुजायचे, मिरवायचे आणि पुन्हा सोडायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि नंतर २०१४ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांची ती प्रथा थांबली. २०२५ मध्ये केंद्राने पारंपरिक ज्ञान आणि शिक्षणापुरती मर्यादित परवानगी दिली. त्या उत्सवाच्या जुन्या चित्रफिती आजही फिरतात. त्यांत फणा काढलेला नाग दिसतो आणि खाली लिहिलेले असते, दर्शन दिले. फणा ही नागाची भ्यालेल्या वेळची खूण आहे. चित्रफितीत हे कोणी सांगत नाही. दूध हेही नागाचे अन्न नव्हे.

शिराळकरांची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. ते आपली परंपरा गोरखनाथांपासून सांगतात, आणि गोरखनाथ–गहिनीनाथ–निवृत्तीनाथ–ज्ञानदेव ही आपलीही गुरुपरंपरा आहे. पण तीच कथा असे सांगते की नाथ भिक्षेला आले तेव्हा ती गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. म्हणजे मातीच्या नागाची पूजा कथेतही आधीची आहे. तिच्याकडे परत जाण्यात परंपरा बुडत नाही.

नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत गेली, तेव्हा कोल्हापूर-सांगली भागात लोक रडले. ते अश्रू खरेच होते. तिच्यावरही कोणी चित्रपट काढील. त्यात फक्त रडणारी माणसे दिसली, किंवा फक्त न्यायालयाचा कागद दिसला, तर तो अर्धा समजा. तीस वर्षे कठीण जमिनीवर, कळपावाचून राहिलेल्या तिच्या पायांचे काय, हेही त्यात असले पाहिजे.

कोणी म्हणेल, मग माउलींच्या अश्वाचे काय? अंकलीहून सांगली-सातारा मार्गे आळंदीला चालत येणारे ते घोडे माणसाबरोबर हजारो वर्षे राहिलेल्या जातीचे आहेत. नाग, बिबट्या, हत्ती यांचे तसे नाही. धरलेला हत्ती कामाला लागला तरी तो रानाचाच. पण घोड्याच्याही पाण्याची, सावलीची, खुरांची चौकशी आपण केली पाहिजे. रिंगणात त्याच्या टापांखालची माती कपाळी लावणाऱ्यांनी तर आधी.

शेवटी आणखी एका पुस्तकाचे नाव सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘सत्तांतर’ लिहिले. वानरांच्या टोळ्यांची ही कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तिच्यात पिंजरा नाही, साखळी नाही, गोंजारणेही नाही. दुरून, पुष्कळ वेळ पाहिले आहे आणि वानराला वानरच राहू दिले आहे. घरातल्या मुलांच्या हाती आधी हे पुस्तक द्या, मग ‘नेगल’. आणि येत्या तोडीला फडात पिल्लू दिसले, तर फोटोसाठी उचलू नका. कोयता थांबवा, माणसे मागे घ्या, वनखात्याला कळवा आणि त्याच्या आईला वाट मोकळी ठेवा.

रामकृष्ण हरी.