आकडे घेतले, सल्ला राहिला: आरएफसी १९१८ वाचताना

तुम्ही कॉम्प्युटर नेटवर्कचा पेपर दिला असेल तर खासगी आयपीच्या तीन रेंज पाठ असतीलच: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. पण हे आकडे जिथून आले तो फेब्रुवारी १९९६ चा आरएफसी १९१८ किती जणांनी उघडून वाचलाय? मीही परवापर्यंत नव्हता वाचला.

वेळ आली ती लॅबचं नेटवर्क वाढवताना. आमचं सगळं १९२.१६८.१.०/२४ वर. २५४ पत्ते पुरेनात, तेव्हा मला वाटलं, /२३ करू आणि शेजारचा १९२.१६८.२ जोडून घेऊ. तसं होत नाही! /२३ सम आकड्यापासून सुरू होतो, म्हणून १ ची जोडी ० शी लागते, २ शी नाही. हे लगेच निस्तरलं. खरा घोळ वेगळाच होता. घरून व्हीपीएनने येणाऱ्या काही जणांना सर्व्हर सापडत नव्हता, कारण त्यांच्या घरच्या राउटरचीही रेंज तीच. लॅपटॉप बिचारा सर्व्हरला घरातच शोधत बसायचा.

आरएफसीच्या पाचव्या विभागात याचा इशारा आहे. दोन संस्थांची नेटवर्क पुढे जोडली गेली तर पत्ते एकमेकांवर येऊ शकतात, म्हणून राखीव साठ्यातून आपला तुकडा यादृच्छिकपणे निवडा, अशी जोरदार शिफारस तिथे आहे. माझी तक्रार इथेच आहे. निवडायचं कसं, केवढा तुकडा घेतला तर धोका किती, याचं गणित कुठेच नाही.

आपणच करू. १० च्या रेंजमध्ये /१६ चे तुकडे २५६. दोन लॅबनी चिठ्ठ्या टाकून एकेक उचलला तर टक्कर होण्याची शक्यता २५६ त १. पण २० लॅब जोडायच्या असतील तर? वाढदिवसाचं कोडं आठवा. कुठल्या तरी दोघींची टक्कर होण्याची शक्यता थेट निम्म्याच्या वर जाते. त्याच २० जणींनी /२४ घेतला असता तर तुकडे ६५,५३६, आणि शक्यता हजारात तीनच्या आसपास. म्हणजे 'असू दे पुढेमागे' म्हणून मोठी रेंज अडवणं फुकट नसतं.

आक्षेप तेव्हाही घेतले गेले होते. जुलै १९९४ चा आरएफसी १६२७ याच कल्पनेच्या आधीच्या मसुद्यावर, म्हणजे आरएफसी १५९७ वर, तुटून पडतो. पत्त्यांचं एकमेवपण जाईल हा त्याचा मुख्य मुद्दा. त्याच्या लेखकांपैकी इलियट लिअर यांचं नाव पुढे १९१८ वरही आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. टीकाकार आणि सहलेखक एकच माणूस, असं वाचायला फार वेळा मिळत नाही.

१९१८ मध्ये जे नाही ते ऑक्टोबर २००५ च्या आरएफसी ४१९३ मध्ये सापडतं. आयपीव्ही६ च्या खासगी पत्त्यांसाठी तिथे ४० बिटांचा यादृच्छिक आकडा सक्तीचा आहे, तो काढायची रीत दिली आहे, आणि टक्करीच्या शक्यतांचा तक्तासुद्धा आहे. शिफारसीचा नियम झाला, पण आपण बहुतेक जण अजून आयपीव्ही४ वरच.

आम्ही आधी १७२.१७ बघितली, पण डॉकर डीफॉल्टने तिथेच बसतो. शेवटी १० मधले पुढचे दोन आकडे पायथॉनकडून काढून घेतले, दुसरा सम येईपर्यंत, आणि /२३ घेतला. सरांनी विचारलं, असला विचित्र नंबर कुठून आणलास? त्यांना पाचवा विभाग मेल केलाय.