खेळ मोठा की गोष्ट मोठी?

व्हिडिओ गेमविषयी आपल्या मंडळींच्या घरांत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, "आणखी किती वेळ?" हा प्रश्न सनातन आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. दुसरा प्रश्न जरा जिज्ञासू आईबाबा, किंवा सहा महिन्यांसाठी आलेले आजीआजोबा विचारतात : "पण त्यात गोष्ट काय असते रे?" मुलगा पडद्यावरची नजर न हलवता सांगतो, "तसं काही नसतं. खेळायला मजा येते." झाले! मोठ्यांच्या मनात निकाल लागतो. कादंबरीला गोष्ट असते, नाटकाला असते, सिनेमालाही असते. ज्याला गोष्टच नाही त्यात दोन-दोन तास घालवायचे, म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

गंमत अशी की हाच वाद खेळणाऱ्यांमध्ये आणि विद्यापीठांमध्येही आहे. १९९७ साली जॅनेट मरे या विदुषीने संगणकावरील कथनाविषयी एक गाजलेला ग्रंथ लिहिला आणि त्यात 'टेट्रिस'सारख्या खेळातही एक कथा शोधून दाखवली. वरून सतत काम कोसळते आहे, ते कसेबसे लावावे तोवर पुढचे येते आहे; हे म्हणजे नव्वदीच्या दशकातल्या अमेरिकनांचे जीवनच, असा तिचा अर्थ. (आपल्यापैकी ज्यांनी त्या दशकात इथे नोकऱ्या केल्या, त्यांना हा अर्थ अगदीच परका वाटू नये.) त्याच वर्षी एस्पेन आर्सेथ या नॉर्वेजियन अभ्यासकाचाही ग्रंथ आला, आणि २००१ मध्ये त्याच्या संपादकत्वाखाली खेळांच्या अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. या मंडळींचे म्हणणे असे की खेळाला साहित्याच्या मोजपट्टीने मोजू नका. खेळ म्हणजे नियम, आणि त्या नियमांच्या चौकटीत खेळणाऱ्याने केलेली कृती. बाकी सारी वेष्टने.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. आनंदाच्या दृष्टीने खेळण्याचा मान पहिला, याविषयी मला शंका नाही. पण त्यामुळे गोष्ट दुय्यम ठरते असे मला वाटत नाही. आपण ती भलत्याच ठिकाणी शोधतो, एवढेच.

प्रथम खेळपक्षाची बाजू. टेट्रिस अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात लिहिला. त्यांच्या 'एलेक्ट्रोनिका ६०' या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागले. चार-चार चौकोनांचे सात आकार, ते पडतात, ओळ भरली की नाहीशी होते. संपला खेळ! नायक नाही, खलनायक नाही, शेवटही नाही. १९८९ मध्ये हा खेळ निन्टेंडोच्या गेमबॉयबरोबर घरोघर गेला. त्याच साली निघालेली त्याची दूरदर्शन संचावर खेळण्याची आवृत्ती २०२३ च्या डिसेंबरात ओक्लाहोमातल्या एका १३ वर्षांच्या मुलाने इतकी पुढे नेली की १५७ व्या पातळीवर प्रोग्रॅमच गोठला. चौतीस वर्षांनंतरही एका मुलाला तिथे जावेसे वाटते, यात गोष्टीचा वाटा शून्य आहे. २०२३ मध्ये टेट्रिसवर चित्रपट निघाला तेव्हा कथानक शोधायला खेळाबाहेर, त्याच्या हक्कांसाठी झालेल्या झटापटीकडे जावे लागले.

या आनंदाचे मूळ कशात आहे, ते इंजिनिअरला चटकन दिसते. बटण दाबले आणि पडद्यावर काही घडले, या दोहोंतला काळ आणि त्यातले नेमके प्रमाण. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये बटण क्षणभर जास्त दाबून धरले की मारिओ अधिक उंच उडतो. चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते, म्हणजे एका चित्राचा काळ साधारण १७ मिलिसेकंद. एवढ्या बारीक काळात हाताला यंत्राचे उत्तर मिळत राहते आणि काही वेळाने ते यंत्र आपल्या बोटांचाच भाग होते. तबलजीचा हात बसतो म्हणतात ना, तसा. राजकन्येला सोडवायचे आहे ही मारिओची 'गोष्ट' एका वाक्यात मावते. ती बदलून राजकन्येऐवजी हरवलेली छत्री ठेवली, तरी उडीतला आनंद तसूभर कमी होणार नाही.

आता गोष्टपक्ष. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे 'द लास्ट ऑफ अस'. हा खेळ २०१३ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्यावर दूरदर्शन मालिका झाली. जिने कधी कन्ट्रोलर हातात धरला नाही अशी माणसेही ती पाहून रडली. म्हणजे खेळणे काढून टाकले तरी गोष्ट उरली आणि पुरली, असा त्यांचा युक्तिवाद. वरवर तो बिनतोड आहे. पण मालिका आणि खेळ यांचे शेवट शेजारी ठेवून पाहा. (शेवट सांगतो आहे, ज्यांना तो स्वतः अनुभवायचा असेल त्यांनी पुढच्या चार ओळी गाळाव्यात.) जोएल नावाचा माणूस एका मुलीला वाचवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. तिथला डॉक्टर हातात शस्त्र धरून आडवा उभा आहे. मालिकेत जोएल त्याला मारतो आणि आपण ते पाहतो. खेळात मात्र डॉक्टर नुसता उभा राहतो. आपण काही केले नाही तर पुढे काहीच घडत नाही. ते कृत्य आपल्यालाच करावे लागते. कथानक शब्दशः तेच आहे, पण एका ठिकाणी आपण साक्षीदार आहोत आणि दुसऱ्या ठिकाणी भागीदार. मालिकेत आलेली गोष्ट खरी, परंतु खेळातला हा भाग तिच्यात येऊच शकत नव्हता.

अर्थात असे जुळून येणे दुर्मीळ. पुष्कळ महागड्या खेळांत गोष्ट आणि खेळणे आळीपाळीने चालतात. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथानक दाराशी हात बांधून उभे राहत असे. इथे उलट, कथानक बोलू लागले की खेळणाऱ्याने हात बांधायचे. मग विसंगती उद्भवते. 'अनचार्टेड' मालिकेतला नायक नेथन ड्रेक गोष्टीत मोठा मिश्कील, प्रेमळ गृहस्थ आहे, आणि खेळात शेकडो माणसे टिपतो. या फारकतीला क्लिंट हॉकिंग या रचनाकाराने २००७ मध्ये, दुसऱ्या एका खेळाची चिकित्सा करताना, एक जडजंबाल नाव दिले. ते इतके रुळले की २०१६ च्या चौथ्या 'अनचार्टेड'मध्ये एक हजार शत्रू मारणाऱ्यास त्याच नावाचे पदक मिळते. स्वतःच्या दोषावर हसण्याचा हा दिलदारपणा मला आवडला, पण हसल्याने दोष जात नाही.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी'. भावाला असुरांनी पळवले म्हणून त्याच्या शोधात निघालेली मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारे निवेदन. राजस्थानी वाड्यांची कमानदार चित्रे पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते आणि एका मराठी शहरात हे घडले याचा अभिमानही वाटतो. पण टीकाकाराचे काम अभिमानाने भागत नाही. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबले की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. पुढे गेले की त्रिशूळ चालवायचा. कथा ऐकताना हात रिकामे आणि हात चालताना कथा गप्प. बहिणीची माया त्रिशूळ चालवण्यात कुठे उतरत नाही. तिथे कोणताही योद्धा चालला असता.

मग गोष्ट उतरावी कुठे? माझे उत्तर : नियमांत. हा विचार तसा नवा नाही. आपण ज्याला सापशिडी म्हणतो तिचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्याच्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. निराळे कथानक सांगावे लागत नाही; वर चढणे आणि घसरणे हीच कथा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी तो आपल्या घरी नेला आणि पुढे नीतीची नावे गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या. खेळात मात्र काही फरक पडला नाही! त्याचे कारण उघड आहे. सापाच्या तोंडी आपल्याला कवड्या नेतात; आपण क्रोध केला म्हणून काही घसरत नाही. निवड नाही तिथे पाप आपले वाटत नाही. नियमांत गोष्ट होती, पण खेळणाऱ्याचा हात तीत नव्हता.

हात आणि नियम दोन्ही जुळले की काय होते, ते पाहण्यासाठी लुकास पोप या एकट्या माणसाने रचलेला २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' खेळावा. आपल्यासारख्या स्थलांतरितांनी तर जरूर खेळावा. १९८२ साल, अर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, आणि आपण त्याच्या सीमेवरचे तपासनीस. रांगेतला माणूस खिडकीशी येतो, कागद सरकवतो. पासपोर्टची मुदत, फोटो, शिक्का, नावाचे स्पेलिंग पाहायचे आणि हिरवा किंवा लाल ठसा उमटवायचा. दर माणसामागे पाच मुद्रा मजुरी. रोज नवा नियम येतो, नवा कागद वाढतो, आणि टेबल इतके अरुंद की कागदांवर कागद चढतात. दिवस संपला की हिशेब : भाडे, अन्न, शेकोटी, औषध. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. मजुरी कमी पडली की कोणीतरी आजारी पडते.

एके दिवशी एक गृहस्थ येतो. कागद चोख. जाता जाता सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. बायको येते, तिच्याजवळ प्रवेशपरवाना नाही. परत पाठवलेत तर मला मारतील, म्हणते. लेखकाला इथे एक हृदयद्रावक दृश्य रंगवता आले असते. पोप यांनी दोन ओळी संवाद दिले आणि बाकीचे काम नियमावर सोपवले. तो नियम असा : दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, तिसरीपासून दंड. म्हणजे सकाळपासून काटेकोर काम केले असेल, तर या बाईवर दया करणे फुकट पडते. आधीच दोन चुका झाल्या असतील, तर तीच दया घरच्यांच्या तोंडचा घास काढते. दया हा मनाचा गुण, अशी आपली समजूत. इथे ती शिलकीवर अवलंबून असते, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. आपण स्वतः ठसा हातात धरून मनातल्या मनात चुका मोजताना सापडतो.

मी आणि या अंकाचे बहुतेक वाचक अशा खिडकीच्या अलीकडच्या बाजूला उभे राहिलो आहोत. फायलीत कागद क्रमाने लावून, एखादा राहिला तर नाही ना या धास्तीने. पलीकडचा माणूस वर न पाहता कागद का चाळतो, याचे उत्तर आपण त्याच्या स्वभावात शोधतो. या खेळात पाचव्या-सहाव्या दिवशी आपणही वर पाहणे सोडून देतो, कारण चेहऱ्याकडे पाहण्यात वेळ जातो आणि वेळ म्हणजे मजुरी. कादंबरीने हे मला पटवून दिले असते. खेळाने माझ्याकडून करवून घेतले. त्या माणसाविषयीचा माझा राग त्याने घालवला असे नाही, पण तो राग माणसावरून उचलून टेबलाच्या मापावर आणि मजुरीच्या दरावर नेऊन ठेवला.

नियम निष्ठुरच असावेत असे नाही. २०१८ चा 'सेलेस्ट' घ्या. एक मुलगी मनातल्या भीतीशी झगडत पर्वत चढते. खेळ अत्यंत अवघड. शेकडो वेळा पडावे लागते. पण पडल्यावर क्षणार्धात तिथूनच पुन्हा सुरुवात, बोलणी नाहीत. शिवाय एक गुपित आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा सुमारे दहावा भाग उडी मारण्याची मुभा राहते. खेळणाऱ्याला ते कळत नाही. त्याला वाटते, थोडक्यात साधले. पुढे आपल्या पाठी लागलेल्या स्वतःच्याच काळ्या प्रतिमेशी ती समेट करते, आणि त्या समेटाचे फळ म्हणजे हवेत एकाऐवजी दोनदा झेपावता येते. समेटाची गोष्ट बोटांना कळते.

यावर कोणी म्हणेल, २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'चे काय? तो तर जवळजवळ सगळा वाचायचा खेळ. मान्य. पण तिथेही नायकाच्या डोक्यातले निरनिराळे स्वर म्हणजे त्याची कौशल्येच, आणि कोणता स्वर बलवान करायचा हे आपण ठरवतो. गोष्ट पानोपानी आहे, तरी तिला वळवणारा हात आपला आहे. त्या खेळाचे यश माझ्या मताविरुद्ध जात नाही.

तेव्हा टेट्रिसला गोष्ट नाही म्हणून तो हिणकस ठरत नाही, आणि एखाद्या खेळात तासभर सुंदर कथा ऐकवली म्हणून तो श्रेष्ठ ठरत नाही. मुलांच्या खेळाची पारख करायची असेल तर "गोष्ट काय आहे?" याऐवजी "तुला त्यात काय काय करावं लागतं, आणि चुकलं तर काय होतं?" असे विचारावे. उत्तर देताना मूल बहुधा पाच मिनिटे थांबणार नाही, आणि त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, हेही त्यातून कळेल. त्याहून बरे म्हणजे अर्धा तास ठसा आपल्या हातात घ्यावा. पहिल्या दोन चुका माफ आहेत.