नवी इमारत आणि मुलांचे गुण : प्रश्न नेमका कुठे चुकतो?

‘भौतिक सुविधांचा विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम : धाराशिव जिल्ह्याचा अभ्यास’. या धाटणीचे विषय संशोधन आराखड्यांत नेहमी दिसतात. पद्धतही ठरलेली. नवी इमारत मिळालेल्या काही शाळा घ्यायच्या, मोडकळीला आलेल्या काही घ्यायच्या, गुणांच्या सरासरीला टी-चाचणी लावायची आणि शेवटी ‘शासनाने निधी वाढवावा’ अशी शिफारस करायची. शिफारस योग्यच आहे. पण तिचा आधार कच्चा आहे आणि तो आपल्यावरच उलटू शकतो.

आधी बघा, निधी मिळतो कुणाला? शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अभियंत्याची पाहणी, जुन्या खोल्यांचं निर्लेखन, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता. कुणीतरी पाठपुरावा करतं तेव्हा ही फाईल पुढे सरकते. जिथले मुख्याध्यापक आणि पालक इतके जागरूक, तिथली मुलं इमारतीआधीही बरी शिकत असतील. उलट शहरातल्या पडक्या नगरपालिका शाळेतून ज्यांना परवडतं ते पालक मुलं काढून घेतात. मागे गरीब घरची मुलं राहतात. मग गुणांतला फरक इमारतीचा की घरचा? टी-चाचणी हे सांगत नाही. यालाच सिलेक्शन बायस म्हणतात.

यातून वाट काढता येते. कॅलिफोर्नियात शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे की नाही, यावर स्थानिक मतदान होतं. सेलिनी, फरेरा आणि रॉथस्टाइन यांनी २०१० मध्ये प्रस्ताव थोडक्यात मंजूर झालेले आणि थोडक्यात पडलेले भाग ताडून पाहिले. अशा भागांत बाकी फरक फारसा नसतो, म्हणून तुलना विश्वासार्ह ठरते. घरांच्या किमती वाढल्या, पण मुलांच्या गुणांवर ठोस परिणाम दिसला नाही. टेक्सासवरच्या २०१६ च्या अभ्यासातही गुणांवर फारसा परिणाम आढळला नाही. न्यू हेवन शहरात मात्र नव्या इमारतींनंतर मुलांचं वाचन सुधारलं. म्हणजे पुरावा संमिश्र आहे.

आता अडचण लक्षात येते का? इमारतीची गरज आपण गुणांवर टांगली आणि उद्या कुणी चोख अभ्यास करून ‘गुण वाढत नाहीत’ असं दाखवलं, तर निधी थांबवायचा? ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून ३ मुलं दगावली. तिथे प्रश्न गुणांचा नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सर्व ऋतूंत टिकणारी इमारत मागते आणि त्यासाठी निकालाची अट घालत नाही.

म्हणून प्रश्न बदला. धाराशिव २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. त्या कार्यक्रमाच्या शिक्षण निर्देशांकांत मुलींची स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, माध्यमिक शाळांतली वीज मोजतात. छताची सुरक्षितता मोजत नाहीत. यू-डायस प्लसमध्ये किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती अशी वर्गवारी असते, पण ती माहिती शाळाच भरते. तिला अभियंत्याचा अहवाल समजू नका.

मोजायचंच असेल तर हे मोजा: निर्लेखनापासून नव्या खोलीत वर्ग भरेपर्यंत किती दिवस गेले? तोवर मुलं कुठे बसली, समाजमंदिरात, व्हरांड्यात की दोन वर्ग एकाच खोलीत? त्या काळात हजेरीचं काय झालं? हे बांधकाम विभागाच्या फायलींत आणि शाळेच्या हजेरीपटात सापडतं. नाहीच मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

नमुना निवडताना एक पथ्य पाळा. १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसन झालेल्या सास्तूरसारख्या गावांतल्या शाळा वेगळ्या निधीतून, जवळपास एकाच काळात उभ्या राहिल्या. त्यांचा गट वेगळा ठेवा. परंडा-भूमच्या शाळांबरोबर त्यांची सरासरी काढलीत, तर ती दोन्हींपैकी कुणाचंच चित्र दाखवणार नाही.