जिजाईकडे पाहा

सिनेमा हा माळकऱ्याचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मी गोरेगावचा, १९७७ पासून चित्रनगरी आमच्या शेजारीच आहे, पण तिकडे कधी फारसे लक्ष गेले नाही. तरीही प्रभात कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आपण एकदा निवांत पाहावा, आणि पाहताना तुकोबांइतकेच जिजाईकडे लक्ष द्यावे, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा तर मराठी मनात कायमचे वसले. पण चित्रपटाला जमिनीवर उभे करते ती गौरी या अभिनेत्रीची जिजाई.

कीर्तनात जिजाईचे नाव निघाले की मंडपात हशा पिकतो. भोळा नवरा आणि कजाग बायको, हे सोंग ठरूनच गेले आहे. चित्रपटातली जिजाईही तोंडाळ आहे, तिचे बोलणे ऐकून हसू येते. पण तिच्या रागाचे कारणही तिथे दिसते. घरात दाणा नाही, लेकरू आजारी, आणि मालक हाती येईल ते वाटून मोकळे! देवळात ती विठोबावर वहाण उगारते, तेव्हा त्या रागात मला हक्क दिसला. परक्याशी असे कोण भांडते?

चित्रपटात उणे आहेच. चमत्कार फार लवकर धावून येतो, त्यामुळे जिजाईचा प्रश्न मिटतो, पण त्याचे उत्तर मिळत नाही. तुकोबांची पहिली पत्नी दुष्काळात अन्नावाचून गेली. त्याच घरात दुसरीने रिकाम्या कणगीची धास्ती घेतली, तर तिला कजाग म्हणावे का?

भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाताना जिजाईच्या पायात काटा रुतला आणि तो पांडुरंगाने काढला, ही कथा आपल्याच परंपरेतली. ज्या पायाला देवाने हात लावला, त्या माउलीला आपण हसतो!

उतारवयात हा चित्रपट पाहिला आणि जिजाईच्या जागी मला आमच्या घरातली माणसे दिसू लागली. मी गावोगाव कीर्तने केली, तेव्हा पहाटे नळाचे पाणी भरून, मुलांचे डबे करून, म्हाताऱ्यांचे औषधपाणी आमच्या मंडळींनी सांभाळले. आषाढीला आपण जवळजवळ तीन आठवडे चालतो. त्या दिवसांत मागे राहिलेल्यांचीही वारीच चालू असते. तिला टाळ-मृदंगाची साथ नसते, इतकेच.

तरुण कीर्तनकारांना एक विनंती. जिजाईची कथा लावाल तेव्हा आधी काटा सांगा, मग वहाण सांगा. श्रोते तरीही हसतील, पण त्या हसण्यात माया असेल.