‘फाइल सापडली नाही’ : एका संदेशाची चिकित्सा

संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविताना अथवा ते प्रथमच चालविताना पुष्कळदा काम अडते आणि ‘अमुक फाइल सापडली नाही, सॉफ्टवेअर पुन्हा बसवून पाहावे’ अशा आशयाचा संदेश पडद्यावर उमटतो. या संदेशाचा मुख्य दोष असा की, तो उणीव कोणती ते सांगतो, तिचे कारण सांगत नाही. आणि कारण न सांगताच उपाय मात्र सुचवितो.

सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रणेने विणली जाते, तिची तुलना येथे उद्बोधक ठरेल. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झालेल्या या यंत्रणेच्या मूळ रचनेत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असे, आणि बाण्याच्या प्रत्येक फेकीस ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे हे एकेक पुठ्ठा ठरवी. एक पुठ्ठा गळाला तरी माग थांबत नसे. मात्र नक्षी त्याच जागी तुटे आणि विणकरास दोषाचे स्थान कापडावरच दिसे. संगणक थांबतो, परंतु दोषाचे स्थान दाखवीत नाही.

ते स्थान शोधण्यास तीन प्रश्न पुरतात. फाइल मुळात आली होती काय? झिप संचिका पूर्ण न उलगडता आतूनच सेटअप चालविल्यास सोबतच्या फाइली मागे राहतात. डाउनलोड अपुरे असल्यास प्रकाशकाने दिलेल्या शा-२५६ या पडताळणी-अंकाशी ते जुळत नाही. आलेली फाइल कोणी काढली काय? अँटीव्हायरसच्या विलगीकरणाच्या यादीत याचे उत्तर मिळते. ती दुसऱ्या कोणी पुरवावयाची होती काय? ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ ही फाइल अनेक सॉफ्टवेअरांना लागते. परंतु ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ या स्वतंत्र संचातून येते. तो संच नसेल, तर मूळ सॉफ्टवेअर दहादा बसवूनही व्यर्थ.

कारण न कळल्यामुळे वाचक सुटी फाइल एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून आणून सिस्टिम३२ मध्ये टाकतो. हा मार्ग घातक आहे. फाइलीसोबत व्हायरस येण्याचा धोका असतोच. शिवाय येथे नावेही फसवी आहेत. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या कप्प्यात ६४-बिट फाइली असतात आणि ३२-बिट फाइली सिसवाऊ६४ मध्ये! त्यामुळे ३२-बिट सॉफ्टवेअरसाठी ३२-बिट संचच बसवावा लागतो. कधी तर नाव घेतलेली फाइल जागेवर असते आणि ती जिच्यावर अवलंबून आहे ती दुसरीच फाइल हरवलेली असते.

संदेशाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. फाइल का नाही, हे ती शोधणाऱ्या यंत्रणेस ठाऊक नसते. ते सांगण्याची अपेक्षा अन्यायाची होईल. परंतु ती कोणी मागितली आणि कोठकोठे शोधली, हे तिला निश्चित ठाऊक असते. पहिली गोष्ट विंडोज खिडकीच्या शीर्षकात बहुधा सांगते, दुसरी गाळते. लिनक्समध्ये ‘एलडीडी’ ही आज्ञा दिली असता आवश्यक फाइलींची यादी मिळते आणि न सापडलेल्या फाइलींपुढे तशी नोंद असते. हा नमुना अधिक प्रामाणिक होय. जे ठाऊक आहे ते पूर्ण सांगावे आणि जे ठाऊक नाही त्यावर उपाय सुचवू नये, एवढी मर्यादा या संदेशाने पाळली, तरी वाचकाचा बराचसा व्यर्थ खटाटोप वाचेल.